कॉन्टॅक्ट लावला की मॉडेल थांबतं: सॅडल आणि पाइपच्या उदाहरणावरून उपाय

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं प्रोजेक्ट सुरू झालं की एकच तक्रार ऐकू येते. एमआयडीसीत डिझाइनला बसणाऱ्यांचीही तीच असते. फायनाइट एलिमेंट सिम्युलेशनमध्ये, म्हणजे भागाचे लहान तुकडे (एलिमेंट) करून कॉम्प्युटरवर ताण काढताना, एकेक भाग वेगळा सोडवला तर उत्तर येतं; दोन भाग एकमेकांवर टेकवून मधे कॉन्टॅक्ट (टेकले तर दाब द्या, नाहीतर मोकळे सोडा असा नियम) लावला की सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, पहिल्याच इन्क्रिमेंटला, भाराच्या पहिल्याच छोट्या हप्त्याला, थांबतो. अबॅकस, अॅन्सिस, कॅल्क्युलिक्स ही या कामाची सॉफ्टवेअर. अबॅकसमध्ये ‘टू मेनी अटेम्प्ट्स मेड फॉर धिस इन्क्रिमेंट’ येतं. अॅन्सिसमध्ये ‘इंटर्नल सोल्यूशन मॅग्निट्यूड लिमिट’ ओलांडल्याचा संदेश येतो. कॅल्क्युलिक्स वेळेचा तुकडा लहान लहान करत जातं आणि शेवटी हात टेकतं.

मग बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी इन्क्रिमेंट वाढवतात, मग कॉन्टॅक्टची स्टिफनेस (कडकपणा) कमी करतात, मग घर्षण काढून टाकतात, आणि सबमिशनची तारीख जवळ आली की सगळे कॉन्टॅक्ट ‘बॉन्डेड’ करून मोकळे होतात. मॉडेल लगेच सुटतं, रंगीत चित्र येतं, रिपोर्टात लागतं. हा शेवटचा उपाय मला सगळ्यात घातक वाटतो. बॉन्डेड म्हणजे दोन भाग चिकटवून एकसंध केले. जिथे सॅडल उचललं जाऊन पाणी गळणार, तिथेच तुम्ही कधी न सुटणारा डिंक लावलात. ज्या प्रश्नासाठी सिम्युलेशन केलं तो प्रश्नच मॉडेलमधून गेला.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. ठिबकच्या सबमेनवर फाटा काढायला बसतं ते सर्व्हिस सॅडल. ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप, त्याला वरून-खालून धरणारे पॉलिप्रोपिलीनचे दोन अर्धे, चार बोल्ट, आणि वरच्या अर्ध्यात खाचेत बसलेली रबर रिंग. दिसायला साधं, पण कॉन्टॅक्टच्या जवळपास सगळ्या अडचणी यात सापडतात: गोल पृष्ठभाग, मऊ रबर, बोल्टचा ताण आणि कोणाच्याही आधाराशिवाय बसलेले भाग.

आधी बघा, प्रत्येक भागाला धरलंय कोणी

कॉन्टॅक्ट म्हणजे बाउंडरी कंडिशन (भाग कुठे धरलाय ते सांगणारी अट) नव्हे. फिक्स्ड सपोर्ट पहिल्या क्षणापासून धरून ठेवतो. कॉन्टॅक्ट भाग टेकल्यावरच काम करतो. पाइपची टोकं तुम्ही पकडलीत, पण सॅडलला काय धरून आहे? फक्त पाइप आणि बोल्ट. बोल्टला काय धरून आहे? फक्त सॅडल. पहिल्या इन्क्रिमेंटला यातलं काहीच टेकलेलं नसेल तर सॅडल हवेत आहे. त्यावर थोडंही बल लावलं तरी त्याला थांबवणारी स्टिफनेस शून्य. विस्थापन लाखो मिलिमीटर येतं आणि सॉल्व्हर थांबतो. साक्रीकडच्या एका मुलाने स्क्रीनकडे बघून म्हटलं होतं, “भाऊ, सॅडल पयी गयं!” (पळून गेलं). त्याने जे पाहिलं तेच खरं निदान होतं. सॉल्व्हरच्या संदेशात ‘झीरो पिव्हट’ किंवा ‘न्यूमरिकल सिंग्युलॅरिटी’ असे शब्द दिसले तर त्याच्यापुढे नोडचा, म्हणजे एलिमेंट जिथे जोडले जातात त्या बिंदूचा, नंबरही असतो. तो नोड कोणत्या भागावर आहे ते शोधा. पळालेला भाग तोच.

गोल पाइपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घर्षण शून्य ठेवलं तर सॅडल पाइपवर घट्ट बसल्यावरही पाइपभोवती फिरू शकतं आणि पाइपच्या लांबीवर सरकू शकतं. कॉन्टॅक्ट दाब फक्त पृष्ठभागाला लंब दिशेने देतो, आणि गोल पृष्ठभागावर फिरताना लंब दिशेला काहीच हालत नाही. म्हणजे इथे कॉन्टॅक्ट कितीही चांगला लागला तरी दोन हालचाली मोकळ्याच राहतात.

यावर सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे सिमेट्री. सॅडलचं पाव मॉडेल घ्या: पाइपच्या अक्षातून जाणारं एक उभं प्रतल, आणि आउटलेटच्या मध्यातून पाइपला आडवं कापणारं दुसरं. दोन्ही प्रतलांवर सिमेट्री लावली की सॅडलचं फिरणं बंद, सरकणं बंद. उरते ती फक्त वर-खाली हालचाल, आणि तेवढीच कॉन्टॅक्टने सांभाळायची. सॉल्व्हरचं काम चौपट हलकं होतं ते वेगळंच. कॉलेजच्या लॅबमधल्या साध्या मशिनवर हा फरक मोठा असतो.

पाव मॉडेलमध्ये एक बोल्ट अख्खा येतो, आणि तो अजून मोकळा आहे. भोकात बाजूला सरकू शकतो, स्वतःभोवती फिरू शकतो. इथे मात्र बोल्टच्या डोक्याखालचा आणि नटखालचा पृष्ठभाग सॅडलच्या कानाला (बोल्ट बसतो त्या बाजूच्या पट्टीला) बॉन्डेड करायला माझी हरकत नाही. कसलेला बोल्ट डोक्याखाली घसरत नाही, आणि आपला प्रश्न त्या जागेचा नाही. सॅडल आणि पाइप यांच्यामध्ये, आणि रबर रिंगच्या दोन्ही बाजूंना मात्र बॉन्डेड अजिबात नको.

सिमेट्री घेता येत नसेल, म्हणजे उदाहरणार्थ आउटलेटवर तिरकं ओढणारं बल असेल, तर पूर्ण मॉडेलमध्ये घर्षण ठेवा. ०.२ ते ०.३ असा गुणांक घेऊन सुरुवात करायला हरकत नाही. घर्षणाने मॉडेल अवघड होतं हा समज अर्धाच खरा आहे. अशा जोडणीत घर्षणच भागाला धरून ठेवतं.

कोणता भाग मोकळा आहे हे नजरेने कळत नसेल तर त्याच मॉडेलवर मोडल अॅनालिसिस (कोणत्या फ्रिक्वेन्सीला भाग कसे हलतात ते काढणं) चालवा. शून्याच्या जवळची फ्रिक्वेन्सी आली की त्या मोडचं अॅनिमेशन बघा. जो भाग अखंड सरकतोय किंवा फिरतोय तो सुटा आहे. मेसेज फाइलमध्ये तासभर डोकं घालण्यापेक्षा हे पुष्कळ लवकर होतं.

कॅडमध्ये टेकलेलं, मेशमध्ये सुटलेलं

“सर, मी कॅडमध्ये दोन्ही पृष्ठभाग एकावर एक ठेवलेत, फट नाहीच,” हे वाक्य नेहमीचं. कॅडमध्ये फट नसेलही. सॉल्व्हरला कॅड दिसत नाही, मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, दिसते. पाइपच्या पूर्ण परिघावर २४ साधे एलिमेंट घेतले तर ते वर्तुळ राहत नाही, २४ बाजूंची बहुभुजाकृती होते. ३१.५ मिमी त्रिज्येला प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळाच्या सुमारे ०.२७ मिमी आत जातो. सॅडलच्या आतल्या पृष्ठभागाचंही तेच होतं, पण त्याचे नोड पाइपच्या नोडसमोर येतीलच असं नाही. त्यामुळे एकाच पृष्ठभागावर काही ठिकाणी ०.२७ मिमीची फट दिसते आणि शेजारीच तेवढीच घुसखोरी. पहिल्याच क्षणी काही नोड मोकळे, काही जोराने बाहेर ढकलले जाणारे. अशा सुरुवातीत सॉल्व्हर गोंधळला तर त्याचा दोष नाही.

परिघावर ७२ एलिमेंट घेतले की तीच चूक ०.०३ मिमीवर येते. मधल्या नोडचे, म्हणजे सेकंड ऑर्डर एलिमेंट घेतले आणि मधला नोड खऱ्या वर्तुळावर बसला तर ती आणखी कमी होते. म्हणून स्टिफनेसला हात लावण्याआधी गोल भागांची मेश बारीक करा, आणि शक्य असेल तिथे सॅडल आणि पाइपच्या परिघावर सारखेच विभाग ठेवा.

मेश झाली की सोडवण्याआधी फटीचं कोष्टक बघायची सवय लावून घ्या. अॅन्सिसमध्ये कॉन्टॅक्ट टूलच्या सुरुवातीच्या माहितीत प्रत्येक जोडीची फट, घुसखोरी आणि ‘क्लोज्ड’, ‘निअर ओपन’, ‘फार ओपन’ अशी स्थिती मिळते. अबॅकसमध्ये पहिल्या फ्रेमवर सीओपन (फटीचा आकडा) बघा. ‘फार ओपन’ दिसलं तर ती जोडी सध्या अस्तित्वातच नाही असं समजा.

उरलेली बारीक फट बंद करायला ‘अॅडजस्ट’ची सोय असते. अॅन्सिसमधलं ‘अॅडजस्ट टू टच’ नोड हलवत नाही, फक्त फट नसल्यासारखा हिशोब करतं. अबॅकस आणि कॅल्क्युलिक्समधलं अॅडजस्ट स्लेव्ह बाजूचे (जोडीतल्या ज्या बाजूचे नोड समोरच्या, मास्टर पृष्ठभागात घुसू दिले जात नाहीत ती) नोड खरोखर सरकवतं, त्यामुळे तिथे मर्यादा जपून द्यावी. मेशमुळे आलेली चूक ०.०३ मिमी असेल तर ०.०५ दिलं की पुरतं. १ मिमी दिलं तर लांबचे नोडही ओढले जातील आणि सॅडलचा मूळ आकारच बिघडेल.

रबर रिंगला अॅडजस्ट लावू नका

हे वेगळं आणि ठळक सांगतोय, कारण इथे चूक झाली तर मॉडेल छान सुटतं आणि उत्तर पूर्ण खोटं येतं. कॅडमध्ये रबर रिंग तिच्या मोकळ्या आकारात काढलेली असते. म्हणून ती पाइपमध्ये थोडी घुसलेली दिसते. ही घुसखोरी मेशची चूक नाही, तेच रिंगचं दाबलं जाणं आहे, आणि पाणी थांबतं ते त्याच्यामुळे. ३.५ मिमी जाडीची रिंग २० टक्के दाबायची म्हणजे ०.७ मिमी. तिथे अॅडजस्ट लावलंत की सॉफ्टवेअर ते ०.७ मिमी गुपचूप पुसून टाकतं. मग दाब शून्याजवळ दिसतो आणि डिझाइन नापास ठरतं, किंवा कोणीतरी तो भरून काढायला बोल्टचा ताण वाढवतो.

खरा उपाय म्हणजे ही घुसखोरी हळूहळू सोडवायला सांगणं. अॅन्सिसमध्ये ‘अॅड ऑफसेट, रॅम्प्ड इफेक्ट्स’, अबॅकसमध्ये ‘कॉन्टॅक्ट इंटरफिअरन्स’ची श्रिंक सोय. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवतो ती धावही सॉल्व्हरच्या भाषेत हाच प्रकार आहे: दोन्ही भाग आधी एकमेकांत घुसलेले, आणि घुसखोरी संपताना तयार होणारा ताण हेच उत्तर. यासाठी एक वेगळी स्टेप (भाराचा टप्पा) ठेवा, त्यात दुसरं कुठलंही बल लावू नका.

दुसरा रस्ता थोडा लांबचा पण माझ्या आवडीचा: सॅडल पाइपपासून थोडं वर उचलून मॉडेल करा, रिंग मोकळी ठेवा, आणि पहिल्या स्टेपमध्ये सॅडलला बलाऐवजी विस्थापन देऊन खाली आणा. विस्थापनाने ढकललेला भाग पळू शकत नाही, कारण तो कुठे जाणार हे तुम्हीच ठरवलेलं असतं. रिंग दबताना कशी फुगते, खाच भरते का, तेही दिसतं.

रबरासाठी एलिमेंटही बघून घ्या. रबराचं आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे साधे एलिमेंट आवळतात आणि खोटी स्टिफनेस दाखवतात. अबॅकसमध्ये हायब्रिड, अॅन्सिसमध्ये मिक्स्ड यू-पी पद्धत लावा. जोडीत मऊ आणि बारीक मेशचा भाग स्लेव्ह, कडक भाग मास्टर. इथे रबर स्लेव्ह, पाइप मास्टर. उलट केलंत तर पाइपच्या नोडमधल्या जागेतून रबर आत शिरतं आणि सॉल्व्हरला ते कळतही नाही.

अर्ध्यावर अडकतं तेव्हा

पहिली अडचण सुटली की मॉडेल ३०-४० टक्के भारापर्यंत जातं आणि तिथे अडखळतं. मेसेज फाइलमध्ये दिसतं की काही नोड एका इटरेशनला (इन्क्रिमेंटमधल्या हिशोबाच्या एका फेरीला) टेकतात, पुढच्याला सुटतात, परत टेकतात. इथे भाग पळत नाहीये, उघडझाप चालली आहे. याची कारणं बहुधा तीन.

पहिलं, भार एकदम लावलाय. बोल्टचा ताण आणि पाण्याचा दाब एकाच स्टेपमध्ये देऊ नका. आधी बोल्टला जेमतेम ५० न्यूटन, म्हणजे सगळं नुसतं टेकेल एवढं. दुसऱ्या स्टेपमध्ये पूर्ण ताण. तो किती, याचा साधा हिशोब आहे: टॉर्क भागिले (०.२ गुणिले व्यास). एम६ बोल्टला २ न्यूटन-मीटर दिलं तर सुमारे १,६७० न्यूटन. तिसऱ्या स्टेपमध्ये बोल्टची लांबी लॉक करा आणि मगच पाण्याचा दाब द्या. लॉक करायचं राहिलं तर दाब वाढला तरी बोल्टचा ताण जसाच्या तसा राहतो, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही.

दुसरं, स्टिफनेस भलतीच आहे. पेनल्टी पद्धतीत, म्हणजे कॉन्टॅक्टला कडक स्प्रिंगसारखं धरलं की, घुसखोरी म्हणजे दाब भागिले कॉन्टॅक्टची स्टिफनेस. कॅल्क्युलिक्सच्या मॅन्युअलमध्ये लिनिअर प्रकारासाठी पदार्थाच्या यंग्ज मॉड्युलसच्या ५ ते ५० पट अशी शिफारस आहे. पॉलिप्रोपिलीनचं मॉड्युलस १,३०० मेगापास्कल धरलं तर १० पटीने १३,००० मेगापास्कल प्रति मिमी. ५ मेगापास्कल दाबाला घुसखोरी येते ०.०००४ मिमी, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी. आता बघा, पुष्कळ जण ट्युटोरियलमधला स्टीलचा आकडा, समजा २१ लाख, तसाच उचलतात. तो इथे दीडशे पटींहून जास्त कडक आहे. नोड टेकताक्षणी उसळणारच. मऊ भाग असेल तर अॅन्सिसमध्ये नॉर्मल स्टिफनेस फॅक्टर ०.१ पासून सुरू करा आणि दर इटरेशनला स्टिफनेस अद्ययावत करायची सोय चालू ठेवा. मग फॅक्टर १० पट वाढवून एकदा पुन्हा सोडवा. दाब दोन-चार टक्क्यांपेक्षा जास्त बदलला नाही तर तुमचा आकडा बरोबर आहे.

तिसरं कारण जरा आडवळणाचं. दहा नोडच्या टेट्राहेड्रन एलिमेंटच्या चेहऱ्यावर सारखा दाब लावला तर त्याचा सगळा भार मधल्या नोडवर जातो, कोपऱ्यातल्या नोडच्या वाट्याला शून्य येतं. एकेका नोडचं टेकणं तपासणाऱ्या नोड-टू-सरफेस कॉन्टॅक्टला हे झेपत नाही. कोपरे उगाच उघडझाप करतात. सरफेस-टू-सरफेस निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने शांत होतं.

स्टॅबिलायझेशन किंवा कमकुवत स्प्रिंग, म्हणजे सुट्या भागाला दिलेला कृत्रिम आधार, मी शेवटी ठेवतो. वापरा, पण सोडवल्यावर त्याची ऊर्जा भागाच्या विकृती-ऊर्जेशी ताडून बघा. पाच टक्क्यांच्या वर गेली तर सॅडल त्या खोट्या आधारावर उभं आहे.

आणि रात्रभर चालणारा रन लावत असाल तर रीस्टार्ट फाइल लिहायला सांगून ठेवा. पहाटे वीज गेली तर तिसऱ्या स्टेपपासून पुढे चालू करता येतं.

सुटलं, पण खरं आहे का

कॉन्व्हर्ज झालं, म्हणजे सॉल्व्हर उत्तरावर स्थिरावला, म्हणून ते बरोबर झालं असं नाही. पाव मॉडेलमध्ये एका बोल्टने १,६७० न्यूटन ओढलंय. तर वरच्या अर्ध्याच्या पाइपवरच्या सगळ्या कॉन्टॅक्टमधून, रबर धरून, खाली जाणारं एकूण बलही तेवढंच यायला हवं. कमी आलं तर बाकीचं बल कुठून गेलं ते शोधा. बऱ्याचदा दोन अर्ध्यांचे कान एकमेकांना भिडलेले असतात आणि बोल्टचा ताण पाइपऐवजी तिथून जातो. ते भिडणं खरं असेल तर ती डिझाइनसाठी महत्त्वाची माहिती आहे. त्याहून वाईट म्हणजे कानांमध्ये कॉन्टॅक्ट द्यायचंच राहिलेलं असतं आणि ते एकमेकांतून आरपार गेलेले असतात. विकृती खऱ्या प्रमाणात, म्हणजे एक पटीवर ठेवून, आडवा छेद घेऊन बघा. सॉफ्टवेअर बऱ्याचदा आपोआप कित्येक पट वाढवून दाखवतं, त्यात आरपार गेलेलं आणि न गेलेलं सारखंच दिसतं.

नवीन सॉफ्टवेअर किंवा नवीन सेटिंग असेल तर आधी हर्ट्झचं उदाहरण सोडवा; त्यात गोळा टेकल्यावरचा दाब सूत्रानेच मिळतो, म्हणून ताडून बघता येतं. १० मिमी त्रिज्येचा स्टीलचा गोळा स्टीलच्या सपाट ठोकळ्यावर, १,००० न्यूटन बल, मॉड्युलस २,१०,००० मेगापास्कल, पॉइसन गुणोत्तर ०.३, घर्षण नाही, पदार्थ पूर्ण इलॅस्टिक. टेकलेल्या वर्तुळाची त्रिज्या ०.४० मिमी आणि मधला कमाल दाब सुमारे २,९५० मेगापास्कल यायला हवा. खरं स्टील एवढ्याला तग धरणार नाही, पण सेटिंग तपासायला हा आकडा उत्तम. टेकलेल्या त्रिज्येत निदान आठ-दहा एलिमेंट बसतील अशी मेश घ्या. हे उत्तर येत नसेल तर सॅडलचं उत्तर मानू नका.

आपल्या भागात आणखी एक स्टेप घालावीच लागते, ती उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उघड्यावरचा पाइप हवेपेक्षाही जास्त तापतो. पॉलिप्रोपिलीन स्टीलच्या जवळजवळ दहा पट प्रसरण पावतं. दुपारी सॅडलचे कान फुगतात, बोल्ट तेवढा लांबत नाही, ताण वाढतो, आणि गरम प्लास्टिक त्या ताणाखाली हळूहळू दबतं. रात्री सगळं आकसलं की कान आधीपेक्षा पातळ झालेले असतात आणि बोल्ट सैल. रिंगवरचा दाब सगळ्यात कमी येतो तो पहाटे, आणि गळती सुरू होते तीही नेमकी तेव्हा, पंप चालू झाल्यावर. हे मॉडेलमध्ये आणायचं तर बोल्ट लॉक केल्यानंतर तापमान वाढवायची एक स्टेप, त्यात क्रीप (ताणाखाली प्लास्टिकचं हळूहळू दबणं), मग थंड करायची एक स्टेप, आणि शेवटी पाण्याचा दाब. थंड होण्याच्या स्टेपमध्ये कॉन्टॅक्ट उघडतो, म्हणून तिथे इन्क्रिमेंट बारीक ठेवा आणि रिंगवरचा दाब पाण्याच्या दाबाच्या खाली कुठे जातो ते परिघाभोवती फिरून बघा.